रविवारी मरणारे आबा

जितेश भोईर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्या बापाला मारतो, हे मोरव्यात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. मोरवा भाईंदर पश्चिमेला, आणि मारायचं ठिकाण पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, एका लग्नाच्या हॉलात. मधे रेल्वेची लाइन. लाइनीच्या अलीकडचं पलीकडे कळत नाही, असं आमच्याकडे पूर्वीपासून चालत आलंय.

बाप जिवंत होता, आणि चांगला ठणठणीत होता. महिपत भोईर, पंच्याहत्तरी उलटलेला, सकाळी ओटीवर बसून तंबाखू मळणार, दुपारी दोन वाट्या भात हाणणार, संध्याकाळी देवळामागे पत्ते कुटणार. अशा माणसाला मारायचं म्हणजे तोंडानेच मारायचं. जितेशचा धंदाच तोंडाचा होता. कॉलेजच्या आणि दहावी-बारावीच्या पोरांसाठी लीडरशिप आणि व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं घ्यायचा तो. अकॅडमी धर्मेशभाईंची, हॉल धर्मेशभाईंनी ठरवलेला, माइक धर्मेशभाईंचा. जितेशसरांचा फक्त घसा. आणि तोही आता फार दिवस पुरेल असं काही दिसत नव्हतं.

शिबिर चार रविवारांचं. पहिल्या रविवारी डोळ्यांत डोळे घालून हस्तांदोलन कसं करावं. दुसऱ्या रविवारी स्टेजची भीती घालवायची, म्हणजे एकेकाला वर बोलावून मोठ्याने ओरडायला लावायचं. तिसऱ्या रविवारी ध्येय लिहून काढायचं. निम्मी पोरं शेजारच्याचं ध्येय बघून लिहायची. आणि चौथ्या रविवारी कृतज्ञता सत्र. पहिले तीन रविवार पोरं विसरून जात. चौथा विसरत नसत, कारण चौथ्याला ती रडत, आणि आमच्या लोकांचं असं आहे की रडवलं नाही तर पैसे वसूल झाले असं वाटतच नाही.

त्या सत्राची एक ठरलेली पद्धत होती. हॉलातले दिवे बंद करायचे, पोरांना जमिनीवर बसवून डोळे मिटायला सांगायचं, बासरीची धून लावायची. मग जितेशसर हळू आवाजात आपल्या वडिलांची गोष्ट सांगणार. पालकांना तोवर बाहेर पॅसेजमध्ये थांबवून ठेवलेलं असायचं. गोष्ट भरात आली की स्वयंसेवक त्यांना मागच्या दाराने गुपचूप आत आणत, प्रत्येकाच्या हातात बॅटरीवर पेटणारी एकेक पणती देऊन. खऱ्या पणत्यांना हॉलवाल्याची मनाई होती, पडद्यांना आग लागेल म्हणून. गोष्टीत वडील गेले की बासरी चढायची, सर म्हणायचे, "माझे आबा गेले. पण तुमचे? डोळे उघडा, मागे बघा." पोरं मागे बघत, आईबाप पणत्या घेऊन उभे असत, आणि मग जो काही हंबरडा उठायचा तो खाली केकच्या दुकानापर्यंत ऐकू जायचा.

आता हा बाप मेला कसा, तेही सांगायला हवं. जितेशने काही ठरवून मारला नव्हता. सुरुवातीच्या एका बॅचला पोरं जांभया देत होती, म्हणून त्याने सहज आबांच्या मिठागराची गोष्ट काढली. मिठाने पायाला पडलेल्या भेगा, त्यात जाणारं खारं पाणी, एकदा तापाने फणफणून आबा बांधावर पडले ते. हे सगळं खरं होतं. पोरं ऐकायला लागली. पुढे काय सांगावं हे सुचेना, तर एका मुलीने भरल्या डोळ्यांनी विचारलं, "सर, मग ते गेले?" समोर चाळीस जण नाक ओढत बसलेले. तिथे "नाही, बरे झाले, आता घरी पत्ते खेळतायत" असं कोणत्या तोंडाने सांगणार? जितेश म्हणाला, "हो." त्या दिवशी धर्मेशभाईंनी पाठ थोपटून सांगितलं, "सर, ये फादरवाला पॉइंट एकदम सॉलिड छे. ये हर बॅच में जोईए, पाहिजेच."

झालं. एकदा मेलेला माणूस पुढच्या बॅचला जिवंत करता येत नाही. आणि मेली म्हैस मणभर दूध देते, तसे गोष्टीतले आबा वर्षागणिक थोर होत गेले. आधी ते नुसते कष्टाळू होते. मग ते पोराच्या फीसाठी अनवाणी चालत शाळेत जायला लागले. मग रात्री कंदील धरून पोराच्या उशाशी बसायला लागले, त्याला धडा वाचायला लावून ऐकायला लागले. शेवटी शेवटी तर ते मरताना पोराचा हात हातात घेऊन म्हणायला लागले, "जितू, तू बोल. लोक ऐकतील." खरे आबा जन्मात शाळेची पायरी चढले नव्हते. पोरगा कितवीत आहे हे त्यांना कधी धड सांगता आलं नाही. दहावीचा निकाल घेऊन जितेश धावत गेला तेव्हा ते पत्त्यांच्या डावात होते, "पास झालास नं? मंग झालं," म्हणाले आणि त्यांनी पान टाकलं.

या सगळ्याचा जितेशला कंटाळा आला होता. लाज वाटायची ती आधी, सुरुवातीच्या काही वर्षांत. नंतर नुसता शीण उरला. पन्नाशी जवळ आली, गुडघे बोलायला लागले, रविवार म्हटलं की शनिवारीच डोकं जड व्हायचं. स्टेजवर "तुमच्यातला सिंह जागा करा" म्हणताना आपल्यातलं साधं मांजरही झोपलंय हे त्याला कळायचं. सोडावं म्हटलं तर या वयात दुसरं काय येतं? आणि फक्त एकाच गोष्टीचा धाक होता. आबांना कळता कामा नये. बाकी काही झालं तरी चालेल, पण त्या ओटीवरच्या म्हाताऱ्याला हे कळता कामा नये.

आणि नेमकी त्याच म्हाताऱ्याला हौस. गावात कुणी म्हणालं, "महिपतदादा, तुमचा पोर सर झाला, लोक टाळ्या वाजवतात," की आबा जितेशला विचारणार, "मना येकदा ने की. मागं बसंन. बोलणार न्हाय काय." जितेश कधी म्हणायचा, जागा नसते. कधी म्हणायचा, एसी फार असतो, तुम्हाला सोसणार नाही. कधी सरळ म्हणायचा, सगळं इंग्लिशमध्ये असतं. आबा मान हलवायचे आणि पुढच्या महिन्यात परत विचारायचे. म्हाताऱ्या माणसांना दुसरं काम काय?

अशाच एका शेवटच्या रविवारी जितेशचा घसा सकाळीच बसला होता. आईने, द्वारकाबाईंनी, आलं, मिरी, ज्येष्ठमध घालून काढा उकळून थर्मासात भरला, आणि हा बाबा थर्मास ओट्यावर विसरून स्कूटरवर टांग टाकून निघून गेला. द्वारकाबाई म्हणाल्या, "पोराचा आवाज बंद पडंल तिथं." आबांना एवढं कारण पुरलं. त्यांनी धुतलेला सदरा चढवला, टोपी घातली, थर्मास बगलेत मारला आणि विचारत विचारत लाइन ओलांडून इंद्रलोक गाठलं. फोन केला नाही. फोन केला असता तर "नको येऊ" म्हणाला असता, हे न कळण्याएवढे ते खुळे नव्हते.

हॉलच्या पॅसेजमध्ये पालकांची गर्दी होती, आणि बंद दारातून माइकवरचा सरांचा आवाज तिथपर्यंत येत होता. संचिता म्हणून एक स्वयंसेवक मुलगी, एकोणीस-वीसची, गळ्यात ओळखपत्र लटकवून सगळ्यांना ओळीत उभं करत होती. तिने एक म्हातारं माणूस बाजूला उभं बघितलं आणि तिला वाटलं, कुणाचे तरी आजोबा. "आजोबा, चपला इथे काढा, फोन बंद ठेवा, आत गेल्यावर अजिबात आवाज करायचा नाही हं," असं म्हणून तिने त्यांच्या हातात पणती दिली. आबा म्हणाले, "मी सरांना यो काढा..." ती म्हणाली, "हो हो, नंतर. आता आत चला." मोठ्या माणसांना ओळीत चालवायची तिला सवय झाली होती, आणि आबांना तर आतच जायचं होतं.

आत काळोख. जितेश स्टेजवर, डोळे अर्धवट मिटून, बसक्या आवाजात बोलत होता. आज तो आवाज गोष्टीला उलट शोभून दिसत होता. कंदील झाला, उशाशी बसणं झालं, अनवाणी चालणं झालं. पोरं मुसमुसायला लागली होती. मागच्या दारातून पणत्यांची रांग आत सरकली, तशी त्याने सवयीने नजर वर केली.

रांगेच्या टोकाला, पणतीच्या पिवळट उजेडात, आबा उभे होते. टोपी, धुतलेला सदरा, बगलेत घरचा लाल थर्मास.

माणसाने काय करावं अशा वेळी? थांबावं. घसा गेला म्हणून माइक खाली ठेवावा. आज गोष्ट बदलावी, आबांना त्या तापातून उठवावं, कोण विचारणार होतं? हे सगळं त्याच्या मनात आलं. पण बासरी आपल्या वेळेला चढली, पोरं श्वास रोखून बसली, आणि इतकी वर्षं तेच वाक्य बोलून तयार झालेलं त्याचं तोंड त्याला न विचारता बोलून गेलं. "त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, जितू, तू बोल. लोक ऐकतील. आणि माझे आबा गेले."

आबा हलले नाहीत. पणती होती तशीच धरून ते स्टेजकडे बघत राहिले.

"पण तुमचे?" जितेश म्हणाला. पुढचं त्याच्याने बोलवेना. संचिताला वाटलं सरांचा घसा गेला. तिने शेवटचं वाक्य स्वतः म्हटलं आणि दिवे लावले. मग नेहमीचं सुरू झालं. पोरं उठून धावली, आयांच्या गळ्यात पडली, बापांच्या शर्टांना नाकं पुसली. जी आठवडाभर घरात धड तोंड वर करून बोलली नव्हती त्यांनी "सॉरी पप्पा, सॉरी पप्पा" म्हणून उच्छाद मांडला. त्या गलक्यात आबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याकडे कुणी धावत आलं नाही, आणि ज्याने यायचं तो स्टेजवर माइकला धरून उभा होता.

कृतिका म्हणून एक मुलगी होती, सतरा वर्षांची, पेणकरपाड्याची. तिचे आईवडील दोघेही कामावर, कुणी आलं नव्हतं. अशी एकटी राहिलेली पोरं संचिता उरलेल्या पालकांकडे ढकलायची, हीही तिथली पद्धतच. "हिचे आईबाबा कामावर आहेत," म्हणत तिने कृतिकाला आबांपुढे आणून उभं केलं. मुलगी एकदम वाकली आणि मग त्यांना धरून रडायला लागली. आबांनी पणती खाली ठेवली, थर्मास दुसऱ्या हातात घेतला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "गप. गप, बाय. कामावं गेलंत ते, येतंत घरी," म्हणाले. असा हात त्यांनी जितेशच्या डोक्यावरून कधी फिरवला होता, हे जितेशला वरून बघताना आठवेना. त्याला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचाही कंटाळा आला.

तोवर धर्मेशभाई दुसरा माइक घेऊन फिरायला लागले होते. मागे मोबाइलवर व्हिडिओ काढणारा. पालकांनी दोन शब्द बोलायचे, ते पुढच्या बॅचच्या जाहिरातीला लागत. फिरत फिरत ते आबांपाशी आले. "दादाजी, आप किसके साथ? कोणाचे आजोबा तुम्ही?"

हॉल थोडा शांत झाला होता. आबांनी माइककडे बघितलं, मग स्टेजकडे. जितेशने डोळे मिटून घेतले. मिटले म्हणजे काय, पोरांना दर महिन्याला मिटायला लावायचा तसे.

"मी कुनाचा आजोबा न्हाय," आबा म्हणाले. "मी सरांचा काका. त्यांचा बाप माजा भाऊस."

हॉलातून एक हुंकार उठला. धर्मेशभाईंना तर घबाड सापडलं. "अरे सर के चाचा! चाचाजी, दोन शब्द. भाईसाहब के बारे में. आपल्या भावाबद्दल सांगा ना."

आबांनी घसा साफ केला. माइक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धरला होता, आणि तो त्यांनी विळा धरावा तसा घट्ट धरला. "भाऊस काय, मिठावर कामाला व्हता. पायाला भेगा व्हत्या, त्या सर सांगतात तशाच. बाकीचा मना ठाव न्हाय. घरात लय बोलायचा न्हाय तो. पन पोर चांगला निघाला त्याचा. आज आयकायला पायजे व्हता."

टाळ्या पडल्या. काही आया डोळे पुसत होत्या. धर्मेशभाईंनी जितेशला हात धरून खाली आणलं, व्हिडिओवाल्याला जवळ बोलावलं. "सर, पाय छुओ चाचाजी के. मस्त शॉट मिळेल." जितेश वाकला. गुडघ्यातून कळ गेली. त्या पायांच्या भेगा आता बुजल्या होत्या, नुसत्या पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या. आबांनी सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आवाज बसलाय तुजा. काढा घे."

नंतर खुर्च्या हलवायची घाई झाली, कारण संध्याकाळी त्याच हॉलात कुणाचा तरी साखरपुडा होता. फुलवाले येऊन दारात उभे होते. निघताना धर्मेशभाईंनी जितेशला बाजूला घेतलं. "सर, चाचाजी को दर महिन्याला लेकर आओ ने. आपण रिक्षाचं भाडं देऊ, मानधन देऊ. फादर की स्टोरी, और पीछे से सगा भाई. पब्लिक पागल थई जशे." जितेश खिशात स्कूटरची किल्ली शोधायला लागला. शेजारी उभे राहून चपला घालणाऱ्या आबांनी ऐकलं. "बगू," म्हणाले.

जितेशने स्कूटर काढली. हेल्मेट हुकाला अडकवलं आणि आबांना मागे बसवलं. एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात थर्मास. पश्चिमेला जाणाऱ्या रस्त्यावर पुलाखाली नेहमीसारखं सगळं तुंबलं होतं. रिक्षा, टेम्पो, एक शाळेची रिकामी बस. इंजिन बंद करून दोघं बसून राहिले. जितेशला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरंच झालं असतं, शिव्यांची त्याला लहानपणापासून सवय होती.

"कवापासून चाललंय यो?" आबांनी मागून विचारलं.

"झाली बरीच वर्षं."

"आयला ठाव हाय?"

"नाही."

"सांगू नको. ती कुंकू लावते रोज." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी मेलो त्याचा मना काय न्हाय. मानूस मरतंच. पन तो कंदील घेऊन बसायचा, त्यो कोन रं? मी तं कदी बसलो न्हाय."

जितेशने हँडलवर हात तसेच ठेवले. इतकी वर्षं हजारो पोरांना त्याने सांगितलं होतं की मनातलं बोला, बापाशी बोला, वेळ गेल्यावर रडून उपयोग नाही. स्वतः मात्र तो या माणसाशी पाऊसपाणी आणि लाइटबिल यापलीकडे कधी बोलला नव्हता. बोलायचं कसं हेच त्याला येत नव्हतं, आणि हे त्याला आत्ता, या टेम्पोच्या धुरात कळत होतं.

"आबा, चुकलं माझं," तो म्हणाला.

"ते ऱ्हाऊ दे. मी यिचारतो त्याचा सांग." खांद्यावरचा हात जरा जड झाला. "तुना तसला बाप पायजे व्हता?"

पुढची बस थोडी सरकली आणि परत थांबली. नाही म्हणता आलं असतं. तसं काही नाही आबा, लोकांना आवडतं म्हणून सांगतो, धंद्याचा भाग आहे. ही वाक्यं त्याच्यापाशी तयार होती. पण आता खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

मागचा रिक्षावाला हॉर्न देत होता. जितेशला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. त्याने नुसता खांद्यावरचा हात अजून आहे ना तेवढं पाहिलं. हात होता.

"मना पन," आबा म्हणाले. "माजा बाप बी कदी बसला न्हाय."

मग रस्ता मोकळा झाला, आणि जितेशने स्कूटर सुरू केली.